गोव्यात गळ टाकताना: नियम, माप आणि खडकातले मासे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेडणे, डिचोली, वास्को, सावंतवाडी, बेळगाव... शनिवार आला की रॉड गाडीत टाकून किनाऱ्याकडे निघणारे सगळीकडे आहेत. त्यांच्याकडून जेटीवर, आमिषाच्या दुकानात आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बाजारासाठी होणाऱ्या मासेमारीबद्दल गरजेपुरतंच लिहिलंय. भर आहे तो हौसेने गळ टाकणाऱ्यांवर आणि खडकाला धरून राहणाऱ्या माशांवर: हेकरू (गोव्यात गोबरो), तांबोशी, आणि खाडी-समुद्र दोन्हीकडे फिरणारा चोणक, म्हणजे आपला जिताडा.

किनाऱ्यावरून रॉडने मासे धरायला परवाना लागतो का?

गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 सालचा, त्याची नियमावली 1981 ची. तो सगळा बोटींभोवती रचलेला आहे: बोटीची नोंदणी, बोटीचा परवाना, कुठली बोट कुठल्या पट्ट्यात, कुठलं जाळं वापरायचं. कातळावर उभं राहून एका गळाने घरापुरता मासा धरणारा माणूस त्या परवान्याच्या चौकटीत बसत नाही. जाळं हातात आलं की मात्र गोष्ट वेगळी. खाडीत जाळं लावायचं तर मत्स्योद्योग संचालनालयाचा परवाना हवा.

परवाना नाही म्हणजे कुठेही उभं राहा असं नव्हे. मालीम, कुटबण, खारीवाडा या धंद्याच्या जेटी आहेत. पहाटे ट्रॉलर लागत असताना मध्येच तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणून उभं राहिलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्तच असतील. मुरगाव बंदराचा मार्ग टाळा. काणकोणच्या टोकाचं अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात आहे, तिकडे बोट वळवूच नका. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात वन्यजीव कायदा चालतो, तिथे गळ टाकायचा नाही.

बोट भाड्याने घेऊन गेलो तर?

मग जबाबदारी बोटीची, आणि तुमचीही. निघण्याआधी तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) सरळ विचारा की बोटीची नोंदणी आहे का, मासेमारीचा परवाना आहे का, लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील का. प्रवासी फिरवायच्या परवान्यावर मासेमारीच्या सहली विकणारे कमी नाहीत. ‘काय होत नाही रे’ हे उत्तर मिळालं तर दुसरी बोट बघा.

12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या कायद्याखाली येतं. त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचं. रॉड घेऊन जाणारे बहुतेक जण पहिल्या पट्ट्यातच असतात.

पावसाळ्यातली बंदी आम्हालाही लागू आहे का?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटीला इंजिन आहे आणि तिच्यावरून मासे धरताय, तर हातात जाळं आहे की कार्बनचा महागडा रॉड, याने फरक पडत नाही. किनाऱ्यावरून टाकलेल्या गळाला ही बंदी नाही.

पण जूनमध्ये हणजुणे, वागातोर किंवा काब द रामाच्या कातळावर उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लाट सात वेळा पायाखाली राहते आणि आठव्यांदा छातीवर येते. शेवाळलेल्या जांभ्यावर बूट टिकत नाही. पावसाळ्यात खाडीच्या आतल्या बाजूला बसा, पूल आणि बांध गाठा.

आणि खाडीत बसलात की चोणकाचा प्रश्न येतोच. पहिल्या पुराचं गढूळ पाणी खाली उतरू लागतं तसा मोठा चोणक नदीच्या मुखाकडे अंडी घालायला सरकतो. तेव्हा तो एका जागी जमलेला असतो, भुकेला असतो आणि सहज लागतो. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी या नावाने हौशी मासेमारीचा राजा आहे. तिथे क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, म्हणजे त्यांच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, तो धरायला बंदी असते. आपल्याकडे रॉडवाल्याला तसं कुणी अडवत नाही. जून-जुलैत पोटाने फुगलेला चोणक लागला तर फोटोही पाण्याजवळच काढा आणि सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

किती लहान मासा सोडायचा? काही ठरलेलं माप आहे का?

जाळ्यांसाठी गोव्याच्या नियमात आसाचं, म्हणजे जाळ्याच्या छिद्राचं, माप आहे, कोळंबीला 20 मिमी आणि माशांना 24 मिमी. गळाला आस नसते, त्यामुळे मापाची काळजी धरणाऱ्यानेच घ्यायची. केरळने 2015 मध्ये 14 जातींना किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली आणि पुढे यादी 58 पर्यंत नेली. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची यादी काढली. म्हणजे तेरेखोल ओलांडून रेडी-वेंगुर्ल्याकडे गळ टाकायला गेलात तर तिकडची यादी मोबाईलमध्ये असू द्या.

क्वीन्सलँडमध्ये रॉडवाल्यांसाठी चोणकाला किमान 58 सेंमी आणि तांबोशीला किमान 35 सेंमी माप आहे, दोन्ही एका माणसामागे पाचच. आकडे तिकडच्या पाण्याचे आहेत, पण मासे त्याच जातीचे. नवशिक्याला सुरुवात म्हणून मी हेच सांगतो.

माप घेताना मासा आडवा ठेवायचा, तोंड मिटलेलं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. उन्हात तापलेल्या फळीवर नको. ओल्या गोणपाटावर किंवा ओल्या मॅटवर ठेवा. हात आधी पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे जखम पिकते. ग्रुपवर हात पुढे करून काढलेले फोटो येतात त्यात वीतभर तांबोशी कोकरासारखी मोठी दिसते, ते माप धरू नये.

लहान सोडायचे हे पटलं. पण मोठा हेकरू का सोडायचा? तो तर म्हातारा झालेला असतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि हे अख्खं पान लिहिण्याचं खरं कारणही हाच आहे.

हेकरू जन्मतः मादी असतो. काही वर्षं मादी म्हणून अंडी घालतो आणि मोठा झाल्यावर त्यांतले काही नर होतात. आपल्याकडे बाजारात दिसणारा नारिंगी ठिपक्यांचा हेकरू साधारण 25 ते 30 सेंमीला मादी म्हणून वयात येतो, आणि 55 ते 75 सेंमीच्या दरम्यान नर होतो. आता एका खडकावरचे मोठे मोठे हेकरू वेचून काढले तर मागे काय राहतं? माद्याच माद्या. मासे दिसतात, गळालाही लागतात, पण अंडी फळवायला नर कमी. बाकीच्यांपैकी एखादी लवकर नर होते हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचा शनिवार येतो.

चोणकाचं नेमकं उलट. तो आधी नर असतो आणि साधारण 80 सेंमी ओलांडल्यावर मादी होऊ लागतो. म्हणजे ज्या मीटरभर चोणकाबरोबर फोटो काढायची सगळ्यांची हौस, तो जवळजवळ नक्कीच मादी असतो. अशी एक मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते. लहान माशांची संख्या वाढवून ती भर निघत नाही. म्हणूनच क्वीन्सलँडने चोणकाला खालची मर्यादा 58 आणि वरची 120 सेंमी अशी दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय. मधल्या मापाचा ठेवायचा, खालचा-वरचा पाण्यात.

तांबोशी लिंग बदलत नाही, पण तिची गोष्ट आणखी लांबलचक आहे. ती तीस वर्षांपेक्षा जास्त जगू शकते. बालपण खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत), कांदळात, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या) दारापाशी जातं आणि मोठी झाली की बाहेरच्या खडकावर जाते. मानशीवर पाणी सुटताना पटापट लागतात त्या जवळपास सगळ्या पोरी, अजून एकदाही अंडी न घातलेल्या. एका संध्याकाळी पिशवीभर नेल्या तर पुढच्या पाचसात वर्षांत बाहेरच्या खडकावर जायला कोण उरणार? खाडीतला गळवाला आणि बोटीतला गळवाला एकमेकांना नावं ठेवतात, पण दोघे एकाच माशाच्या दोन वयांवर जगतायत.

तर माझा नियम असा: हेकरू आणि चोणक, दोन्ही मधल्या मापाचे ठेवायचे, घरात खपेल तेवढेच. चवीच्या दृष्टीनेही बघा. आठ-दहा किलोच्या हेकरूचं मांस जाड आणि चरबट असतं. दोन किलोचा कालवणाला केव्हाही सरस.

खोल पाण्यातून वर काढलेला मासा सोडला तरी मरतोच ना? मग सोडून उपयोग काय?

न बघता सोडला तर बऱ्याचदा मरतो. नीट सोडला तर जगतो.

30 मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. हेकरू, तांबोशी यांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि ती घशाला जोडलेली नसते, त्यामुळे हवा सोडून द्यायला वाट नाही. भरभर वर ओढलं की ती हवा चौपट फुगते. कोल्हापूरला जाताना घाट चढल्यावर मागच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट टम्म होतं, तसंच. डोळे बाहेर येतात, पोट ताठ होतं, आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर डोकावतं. ती जीभ नव्हे, हवेची पिशवीही नव्हे. ते उलटं होऊन बाहेर आलेलं जठर असतं. काही जण ते सुरीच्या टोकाने फोडतात आणि ‘हवा गेली’ म्हणतात. तसं कधीही करू नका.

मासा असाच पाण्यावर सोडला तर पोट वर करून तरंगत राहतो आणि वरून घारी येतात. त्याला परत खाली नेऊन पोचवायचं. सोपी युक्ती अशी: काटा (टोकाजवळचा उलटा दात) पूर्णपणे चेपलेला एक मोठा गळ घ्या, त्याच्या वाकाच्या बाजूला तंगूस बांधा आणि दांड्याला किलो-दीड किलोचं शिसं लावा. गळ खालच्या ओठाच्या पातळ कातडीत अडकवून मासा शिशाबरोबर खाली जाऊ द्या. अर्ध्याहून जास्त खोली गाठली की एक झटका द्या, उलटा गळ निसटतो. दाब परत आल्यावर हवा आपोआप आकसते. मेक्सिकोच्या आखातात खडकातले मासे धरायला जाणाऱ्यांनी असं साधन तयार ठेवलंच पाहिजे, असा अमेरिकेचा कायदा 2022 मध्ये लागू झाला. आपल्याकडे कायदा नाही, पण शिसं आणि गळ तर सगळ्यांकडे असतो.

हवेत ठेवायचा वेळ एका मिनिटाच्या आत. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका, त्याच्या आतल्या अवयवांचा भार पाण्याने पेलायची सवय असते. पोटाखाली दुसरा हात द्या.

सुरमईला हवेची पिशवीच नसते, त्यामुळे तिचा हा त्रास नाही. ती वेगळ्या कारणाने मरते, दमून.

कोणते मासे धरायचेच नाहीत?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. त्यात व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडे, समुद्रकाकडी, सगळी समुद्री कासवं आणि खडकावरचं प्रवाळ येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. ‘चुकून लागला’ हे स्पष्टीकरण मासा लगेच सोडला असेल तरच चालण्यासारखं. बोटीवर फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकलात तर पुरावा तुम्हीच दिलात.

हेकरू धरणाऱ्यांनी एक नाव पाठच करावं: महाकाय हेकरू. हाही पहिल्या अनुसूचीत आहे. अडीच मीटरच्या पुढे आणि 400 किलोपर्यंत वाढतो. लहानपणी पिवळ्या अंगावर काळे रुंद पट्टे, वाढताना काळ्यावर पांढरे-पिवळे डाग आणि पंखांवर काळे ठिपके. मोठेपणी राखाडी-तपकिरी, शेपूट गोल, अंगाच्या मानाने डोळा बारीक. ओळखीचा गोंधळ होतोच. मीटरभराच्या पुढचा हेकरू वर आला आणि शंका आली तर तंगूस कापून सोडा. नाहीतरी मधल्या मापाचेच ठेवायचे असतील, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

ट्रॉलर टनावारी उपसतात आणि आम्ही दोन मासे नेले की समुद्र रिकामा होतो?

राग समजतो. ट्रॉलरविरुद्ध रापणकारांनी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी) सत्तरच्या दशकात जे आंदोलन केलं, मथानी साल्ढाणा ज्यात पुढे होते, त्याच रेट्यातून 1980 चा कायदा आला. किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर ट्रॉलरना बंद आहेत. एलईडी दिवे लावून आणि दोन बोटींनी एक जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने बंदी घातली आहे. या नियमांची पायमल्ली होते, आणि तुम्हाला दिसली तर जागा, वेळ, बोटीचा क्रमांक टिपून संचालनालयाला किंवा किनारी पोलिसांना कळवा.

पण खडकाचं गणित निराळं आहे. ट्रॉलरचं जाळं खडकावर फाटतं, म्हणून तांडेल तिथून लांब राहतो. खडकातल्या माशाला तेवढाच आसरा. तिथे पोचतो तो गळ, अडकलेलं नायलॉन जाळं आणि भाला घेतलेला पाणबुड्या. त्यामुळे बांगड्या-तारल्यांच्या हिशेबात हौशी माणूस नगण्य असला, तरी एका ठरावीक खडकावरच्या हेकरूंच्या हिशेबात तोच मोठा असू शकतो.

त्यात हेकरू जागा सोडत नाही. एक कपार, एक मालक. तो गेला की शेजारच्या भेगेतला धाकटा तिथे येतो, म्हणून पुढच्या खेपेलाही मासा लागतो आणि आपण म्हणतो, ‘बघ, कमी कुठे झालेत?’ माप बघत चला, दर खेपेला बोटभर लहान. जीपीएसचे पॉइंट ग्रुपवर वाटण्याची नवी खोड लागली आहे. एक पॉइंट शंभर जणांना गेला की तो खडक एका हंगामाचा सोबती.

ग्रांद बेटाच्या सहलीत गळ हातात देतात. ते चालतं का?

मुरगावसमोरचं ग्रांद बेट म्हणजे गोव्यातल्या प्रवाळाच्या थोडक्या जागांपैकी एक. गढूळ पाण्यातही तिथे प्रवाळाचे तुकडे टिकून आहेत. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं. ग्रांदभोवती तसं काही नाही. एकाच सकाळी, एकाच पाण्यात बोटवाला पाव टाकून मासे जमवतो, पाहुण्यांना मुखवटा लावून ते दाखवतो, आणि जेवणाआधी त्यांच्याच हातात तंगूस देतो. लागतात ते बोटभर खडकमासे. ते ना खायचे, ना मोजायचे, बादलीत मरायचे. सहलीला जा, पण गळ नको म्हणून सांगा. नांगर वाळूत टाकतो का, हेही बघा. प्रवाळावर ओढला गेलेला नांगर पन्नास गळांपेक्षा वाईट.

गळ कुठला वापरू?

आमिषावर धरणार असाल तर सर्कल हूक. तो ओठाच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. झटका द्यायची सवय मात्र मोडावी लागते. तंगूस ताणू द्या, मासा स्वतःच अडकतो. काटा पकडीने चेपा. स्टेनलेसचा गळ टाळा, साधा लोखंडी गळ आत राहिला तरी गंजून जातो. गळ खोल गिळला असेल तर उकरत बसू नका, जवळून तंगूस कापा. तुटलेलं तंगूस खिशात.

शिंगाळ्याचा काटा लागला तर?

सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. बर्फ नको. पाकट आणि खडकातला विंचूमासा यांनाही तोच उपाय. काटा आत तुटला असेल, जखम छाती-पोटावर असेल किंवा धाप लागत असेल तर थेट इस्पितळ.

जास्तीचे मासे विकले तर चालेल?

नको. ज्या गाबीत-खारवी बायका पहाटे लिलावात पैसे घालून पाटी उचलतात, त्यांच्या शेजारी पगारदार माणसाने हॉटेलला हेकरू विकायचा हे बरं दिसत नाही. शिवाय विकायचं मनात आलं की मापाचा नियम पहिल्यांदा मोडतो.

गोव्यात हौशी मासेमारीसाठी वेगळे नियम यावेत का? कुणाकडे मागायचे?

यावेत. त्यासाठी नवा कायदा लागतही नाही. 1980 च्या कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारला ठरावीक पाण्यात, ठरावीक काळासाठी, ठरावीक जातीचा मासा धरण्यावर बंधन घालण्याचा अधिकार आहेच. किनाऱ्यावरून टाकलेला गळ त्यात आणायला थोडी दुरुस्ती करावी लागेल, पण भाड्याच्या बोटींपासून सुरुवात उद्याही होऊ शकते.

मागणी पणजीच्या मत्स्योद्योग संचालनालयाकडे लेखी करा आणि किनाऱ्यावरच्या गावांच्या ग्रामसभेतही मांडा. ठराव आला की कागदाला वजन येतं. फक्त ‘लहान मासे वाचवा’ असं लिहू नका. जात, खालचं माप, वरचं माप आणि महिने लिहा. आधी रापणकारांशी बोलून घ्या, त्यांच्या पोटावर येणारं कलम तुमच्या अर्जात नकळत शिरलेलं नसावं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खडक आणि प्रवाळ अभ्यासणारे लोक आहेत. आणि धरलेल्या, सोडलेल्या प्रत्येक माशाची लांबी, खोली, तारीख एका वहीत लिहायला लागा. पन्नास जणांच्या दोन वर्षांच्या वह्या अर्जाला जोडल्या तर त्या टेबलावरून सहजासहजी बाजूला सारता येणार नाहीत.